राजा नेमका कशाने पडतो : फ्रान्स, रशिया, इराण आणि नेपाळ शेजारी ठेवून

१४ जुलै १७८९ रोजी पॅरिसमधला बॅस्टिलचा किल्ला पडला तेव्हा आत कैदी होते फक्त सात. जमाव कैदी सोडवायला गेलाच नव्हता. त्याच सकाळी लोकांनी शहरातल्या दुसऱ्या एका लष्करी इमारतीतून हजारो बंदुका उचलल्या होत्या, पण त्यांत भरायला दारू नव्हती. ती बॅस्टिलमध्ये पिंपं भरून ठेवलेली होती. दुपारपर्यंत जमावाला किल्ल्याचं काहीच करता आलं नाही, भिंतीखाली माणसं मरत राहिली. मग ‘फ्रेंच गार्ड’ या राजाच्याच पलटणीतले शिपाई तोफा ओढत आले, त्यांची तोंडं दाराकडे वळवली, आणि संध्याकाळच्या आत किल्लेदार शरण आला.

शाळेच्या पुस्तकात या प्रसंगाचं चित्र असतं ते जमावाचं. निकाल मात्र तोफा आणणाऱ्यांनी लावला. राजेशाहीविरोधातल्या क्रांत्या शेजारी ठेवून वाचल्या की हे पुन्हा पुन्हा दिसतं. जमाव गादी हलवतो, पण ती जाते राजाची हत्यारं धरणारे हात थांबतात तेव्हा. आणि रिकाम्या जागी कोण बसणार हे बहुतेक वेळा त्या दिवशी ज्याच्याकडे तयार संघटना असते तो ठरवतो. बाकीचे मुद्दे, म्हणजे महागाई, भुकेचे मोर्चे, नवे विचार, वृत्तपत्रं, महत्त्वाचे आहेतच. पण ते कितीतरी देशांत होते, आणि तिथले राजे टिकले.

पैशापासून सुरुवात, पण नेहमीच नाही

फ्रान्सची गोष्ट तिजोरीपासून सुरू होते. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटनला शह द्यायचा म्हणून सोळाव्या लुईने कर्ज काढून पैसा ओतला. १७८८पर्यंत सरकारी उत्पन्नातला जवळपास निम्मा भाग जुन्या कर्जाच्या फेडीत जाऊ लागला. करवाढ करायची तर ज्यांच्याकडे पैसा होता ते सरदार आणि चर्च मुख्य करातून सुटलेले, आणि त्यांच्यावर कर बसवायला वरिष्ठ न्यायालयं हुकूम नोंदवून घेईनात. शेवटी राजाने तिन्ही वर्गांची सभा बोलावली. ही सभा याआधी भरली होती १६१४मध्ये, म्हणजे पावणेदोनशे वर्षांपूर्वी.

इथे एक तांत्रिक चूक झाली आणि ती फार महागात पडली. तिसऱ्या वर्गाला, म्हणजे सामान्य प्रजेला, दुप्पट प्रतिनिधी दिले, पण मतदान डोकी मोजून करायचं की वर्गागणिक एक मत धरायचं, हे ठरवलंच नाही. वर्गागणिक धरलं तर सरदार आणि धर्मगुरू मिळून दोनास एक अशी मात करणार. मग दुप्पट प्रतिनिधींचा उपयोग काय? ५ मे १७८९ रोजी व्हर्सायला सभा भरली आणि दीड महिना याच वादात गेला. १७ जूनला तिसऱ्या वर्गाने ‘आम्हीच राष्ट्रीय सभा’ असं जाहीर करून टाकलं. दिवाळखोरीवर तोडगा काढायला बोलावलेली सभा राजाच्या अधिकारालाच हात घालून बसली. इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सचंही दीडशे वर्षांपूर्वी हेच झालं होतं. अकरा वर्षं त्याने संसदेशिवाय कारभार रेटला, १६४०मध्ये स्कॉटलंडशी लढायला पैसा लागला म्हणून संसद बोलावली, आणि ती संसद त्याच्या हाताबाहेर गेली.

म्हणून तिजोरी रिकामी झाली की क्रांती होते, असा नियम करावासा वाटतो. इराण तो मोडतो. १९७३-७४मध्ये तेलाचे भाव जवळपास चौपट झाले आणि शाह मोहम्मद रझा पहलवीच्या तिजोरीत पैसा मावेना. तो इतक्या वेगाने खर्च झाला की महागाई भडकली, खेड्यातली माणसं शहरात लोटली, तेहरानमधली घरभाडी आवाक्याबाहेर गेली. महागाईचं खापर शाहने बाजारपेठेतल्या दुकानदारांवर फोडलं. हजारोंना दंड झाले, कित्येकांना तुरुंग. आता इराणमधला बाजार म्हणजे नुसती दुकानांची रांग नव्हे. मशिदी, मदरसे आणि धर्मगुरू यांचा बराचसा खर्च पिढ्यान्‌पिढ्या तिथले व्यापारी उचलत आले होते. एका फटक्यात राजाने पैसा आणि व्यासपीठ दोन्ही असलेली माणसं दुखावली.

रशियात आणि नेपाळमध्ये मुख्य ओझं युद्धाचं होतं. १९१७च्या हिवाळ्यात पेट्रोग्राडमध्ये पावासाठी रांगा लागल्या त्या देशात धान्यच नव्हतं म्हणून नव्हे. रेल्वे आघाडीच्या कामाला जुंपलेली होती आणि धान्य राजधानीपर्यंत पोचत नव्हतं. नेपाळमध्ये १९९६पासून माओवाद्यांचं सशस्त्र बंड चालू होतं. २००१मध्ये राजवाड्यातल्या हत्याकांडात राजा बीरेंद्र आणि त्याचं कुटुंब मारलं गेलं, भाऊ ज्ञानेंद्र गादीवर आला, आणि १ फेब्रुवारी २००५ रोजी त्याने बंड मोडायचं कारण देऊन सगळा कारभार स्वतःच्या हाती घेतला. तोपर्यंत माओवाद्यांच्या विरोधात असलेले सात संसदीय पक्ष या एका निर्णयाने मोकळे झाले. नोव्हेंबर २००५मध्ये दिल्लीत त्यांनी माओवाद्यांशी बारा कलमी समझोता केला. एकमेकांचे शत्रू असलेल्या दोन बाजू राजाने स्वतःच्या हाताने एकत्र आणल्या.

निषेध थांबत का नाहीत

जमाव रोज रस्त्यावर राहू शकत नाही. लोकांना पोट असतं. त्यामुळे बहुतेक आंदोलनं आपोआप ओसरतात, आणि राजे नेमकी त्याचीच वाट पाहत असतात. ज्या क्रांत्या पुढे गेल्या त्यांच्याकडे आंदोलन पुन्हा पुन्हा पेटवणारी काहीतरी यंत्रणा होती.

इराणमधली यंत्रणा सगळ्यात स्पष्ट दिसते. शिया परंपरेत मृत्यूनंतर चाळिसाव्या दिवशी शोकसभा होते. जानेवारी १९७८मध्ये एका सरकारधार्जिण्या वृत्तपत्रात शाहचे विरोधक धर्मगुरू खोमेनी यांची नालस्ती करणारा लेख आला. ९ जानेवारीला कोम शहरात निदर्शनं झाली, गोळीबारात माणसं मेली. चाळीस दिवसांनी, १८ फेब्रुवारीला, त्यांच्या शोकसभा ठिकठिकाणी भरल्या. तबरीझमध्ये दंगल उसळून आणखी माणसं मेली. पुन्हा चाळीस दिवस, मार्चअखेर, यझ्द आणि इतर शहरं. प्रत्येक गोळीबार पुढच्या मोर्च्याची तारीख ठरवून देत होता. धार्मिक शोकसभेवर बंदी घालावी तर आणखी भडका, न घालावी तर मोर्चा. सरकारची कोंडी झाली.

ऑक्टोबरपासून यात तेलकामगार उतरले आणि हा माझ्या मते इराणच्या क्रांतीचा खरा मध्यबिंदू आहे, जरी चर्चा धर्मगुरूंचीच जास्त होते. दिवसाला ५५ ते ६० लाख पिंपांच्या घरात असलेलं उत्पादन काही आठवड्यांत पंधरा लाखांच्या आसपास आलं. करांवर चालणाऱ्या राज्याला माणसांकडून वसुली करावी लागते, ती बुडायला वेळ लागतो. तेलावर चालणाऱ्या राज्याचा नळ काही हजार कुशल कामगार बंद करू शकतात, आणि त्यांच्या जागी शिपाई बसवून विहिरी चालत नाहीत.

नेपाळमध्ये एप्रिल २००६चं आंदोलन १९ दिवस चाललं. सरकारने काठमांडूत रिंगरोडच्या आत संचारबंदी लावली, म्हणून लोक रिंगरोडवरच जमू लागले. या सत्तावीस किलोमीटरच्या वर्तुळावर रोज नव्या ठिकाणी गर्दी उभी राहायची, आणि सैन्याला एका चौकात जमाव घेरून आंदोलन संपवणं जमेना. वकील, डॉक्टर, बँकांचे कर्मचारी उतरले. खुद्द गृह मंत्रालयातले कर्मचारी निदर्शनं करताना पकडले गेले.

बंदूक धरणारे हात

पेट्रोग्राडचे पाच दिवस दिवसवार पाहण्यासारखे आहेत. (रशियात तेव्हा जुनी दिनदर्शिका होती, आपल्यापेक्षा १३ दिवस मागे. म्हणून ‘फेब्रुवारी क्रांती’ आपल्या हिशेबाने मार्चमध्ये येते. खालच्या तारखा जुन्या आहेत.)

२३ फेब्रुवारी हा महिला दिन. कापड गिरण्यांतल्या बायका पावासाठी रस्त्यावर उतरल्या आणि शेजारच्या कारखान्यांतल्या पुरुषांना बाहेर काढत गेल्या. पुतिलोव्हच्या मोठ्या कारखान्यात टाळेबंदी झालेली असल्याने हजारो कामगार आधीच मोकळे होते. २५ तारखेला अख्खं शहर संपावर. त्या संध्याकाळी झार दुसऱ्या निकोलसने शेकडो मैलांवरच्या लष्करी मुख्यालयातून तार केली : राजधानीतला गोंधळ उद्याच्या उद्या बंद करा. २६ला, रविवारी, सैन्याने गोळ्या झाडल्या. रस्ते रिकामे झाले, सरकारला वाटलं जिंकलो. पण गोळ्या झाडणाऱ्यांत व्होलिन्स्की रेजिमेंटची एक तुकडी होती. त्या रात्री बराकीत शिपायांनी ठरवलं की उद्या बाहेर पडायचं नाही. २७च्या सकाळी त्यांनी आपल्या अधिकाऱ्याला मारलं आणि शेजारच्या बराकी उठवायला निघाले. संध्याकाळपर्यंत हजारो शिपाई लोकांच्या बाजूला होते.

का फुटले? शहरात दीड लाखाहून जास्त सैन्य होतं, पण ते जुनं कसलेलं सैन्य नव्हे. ते तर तीन वर्षांत आघाडीवर संपलं होतं. हे होते नुकतेच भरती केलेले शेतकरी, प्रशिक्षण संपलं की आघाडीवर पाठवले जाणारे. त्यांना झारसाठी बायकांवर गोळ्या झाडायच्या आणि मग जर्मनांपुढे मरायला जायचं, असा सौदा होता. फ्रेंच गार्डचंही असंच होतं. ते पॅरिसमध्येच राहत, अनेकांची बायकापोरं शहरातच, काही जण रिकाम्या वेळात छोटे धंदे करत. पाव महागला की त्यांच्याही घरात महागायचा.

उलट उदाहरण त्याच रशियाचं आणि त्याच झारचं आहे. १९०५मध्येही संप झाले, नौदलात बंड झालं, मॉस्कोत डिसेंबरमध्ये कामगारांनी रस्त्यावर अडथळे उभारून लढाई दिली. पण जपानशी युद्ध सप्टेंबरमध्येच संपलं होतं, सैन्याचा मोठा भाग हुकुमात राहिला, आणि सेम्योनोव्स्की या गार्ड रेजिमेंटने मॉस्को दडपून टाकलं. १९०५ आणि १९१७ यांत लोकांचा राग कमीजास्त होता की नाही, यावर वाद घालता येईल. शिपायांच्या परिस्थितीतला फरक मात्र उघड आहे.

बहरीनच्या राजघराण्याने हा प्रश्न भरतीच्या वेळीच सोडवून ठेवला होता. तिथे राजघराणं सुन्नी, बहुसंख्य प्रजा शिया, आणि सुरक्षा दलांत पाकिस्तान, जॉर्डन, येमेन इथून भरलेली माणसं मोठ्या प्रमाणात. फेब्रुवारी २०११मध्ये लोक मोत्याच्या शिल्पाच्या चौकात बसले. १४ मार्चला सौदीचं सैन्य समुद्रावरच्या पुलावरून आलं, दोन दिवसांत चौक रिकामा झाला आणि १८ मार्चला ते शिल्पच पाडलं. ज्यांचे नातेवाईक समोरच्या गर्दीत नाहीत असे शिपाई, आणि पाठीशी मोठा शेजारी, एवढं असलं की क्रांती अडते.

आपल्याकडची संस्थानं याच कारणाने या मालिकेत नीट बसत नाहीत. संस्थानिकामागे ब्रिटिश फौज उभी होती, तोवर प्रजेने कितीही जोर केला तरी गादी जात नव्हती. हैदराबादमध्ये १९३८पासून स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह झाला, स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली मराठवाड्याने सीमेवरच्या छावण्यांतून लढा दिला. निजामाची सत्ता मात्र संपली ती १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत, भारतीय सैन्य आल्यावर. तेव्हाही निजामाला कुणी गादीवरून खाली ओढलं नाही. १९५० ते १९५६ तो हैदराबाद राज्याचा राजप्रमुख होता.

इराणचं सैन्य चार लाखांचं, शस्त्रं अत्याधुनिक. ते का कोसळलं? एक तर खालचे शिपाई सक्तीच्या भरतीतले होते, आणि १९७८च्या शेवटी रोज काही ना काही जण पळून जात होते. दुसरं कारण शाहने स्वतःच तयार केलेलं. बंड होऊ नये म्हणून त्याने प्रत्येक दलप्रमुखाला थेट आपल्यालाच जबाबदार ठेवलं होतं, सेनापतींनी परस्पर भेटून निर्णय घेणं त्याला चालत नसे. १६ जानेवारी १९७९ला तो देश सोडून गेला आणि सगळे धागे ज्या हातात होते तो हातच गेला. ९ फेब्रुवारीच्या रात्री तेहरानच्या एका हवाई तळावर हवाई दलाचे तंत्रज्ञ आणि शाही गार्ड यांच्यात चकमक उडाली, शस्त्रागारं फुटली, शहरात बंदुका वाटल्या गेल्या. ११ फेब्रुवारीला सेनापतींनी ‘आम्ही तटस्थ’ असं जाहीर केलं. तटस्थ सैन्य म्हणजे पडलेलं सरकार.

नेपाळमध्ये सैन्य फुटलं नाही. हा अपवाद नीट लक्षात घ्यायला हवा, कारण पुढचं सगळं त्यामुळे बदललं. ज्ञानेंद्रने ती शेवटची परीक्षा घ्यायच्या आतच माघार घेतली, त्यामुळे सैन्य शिस्तीत, अधिकाऱ्यांसह, अखंड राहिलं आणि नंतर वाटाघाटींचा भाग झालं.

उशिरा दिलेली सवलत

बैल गेला नि झोपा केला, ही म्हण पडलेल्या बहुतेक राजांना लागू पडते. प्रश्न एवढाच की उशीर नेमका कधी झाला असं म्हणायचं.

सवलत उपयोगी पडते ती विरोधकांत फूट पाडते म्हणून. ऑक्टोबर १९०५च्या जाहीरनाम्यात झारने निवडलेलं विधिमंडळ आणि नागरी हक्क कबूल केले, तेव्हा मवाळ मध्यमवर्ग समाधानी झाला आणि कामगार एकटे पडले. डाव उत्तम साधला. पण पुढच्याच वर्षी त्याने नवं विधिमंडळ अडीच महिन्यांत बरखास्त केलं, १९०७मध्ये दुसरंही गुंडाळलं आणि मतदानाचे नियम बदलून घेतले. १९१७मध्ये त्याच्या शब्दाला बाजारात किंमत उरली नव्हती. लुईचंही तेच. संविधान मान्य करतो म्हणत म्हणत २० जून १७९१च्या रात्री तो वेष पालटून सरहद्दीकडे निघाला आणि व्हारेन गावात पकडला गेला. तोवर फ्रान्समध्ये उघडपणे प्रजासत्ताक मागणारे थोडेच होते.

शाहने सगळ्यात विचित्र मिश्रण केलं. ६ नोव्हेंबर १९७८ला टीव्हीवर येऊन त्याने सांगितलं की तुमच्या क्रांतीचा आवाज मी ऐकला आहे, आणि त्याच दिवशी लष्करी सरकार नेमलं. घाबरवायचं तर माफी मागू नये, मन वळवायचं तर जनरल नेमू नये. समर्थकांना वाटलं राजा खचला, विरोधकांना वाटलं आणखी एक धक्का पुरे. डिसेंबरमध्ये तासुआ आणि आशुरा या मोहरममधल्या दोन दिवशी रस्त्यांवर लाखो लोक उतरले.

ज्ञानेंद्रने २१ एप्रिल २००६ला पंतप्रधान सुचवा असं पक्षांना सांगितलं. वर्षभरापूर्वी ते धावत आले असते. आता रस्त्यावरचे लोक पक्षांच्याही पुढे गेले होते. पक्षांनी नकार दिला आणि २४च्या मध्यरात्री त्याला बरखास्त संसद परत बोलवावी लागली. याउलट मोरोक्कोत २० फेब्रुवारी २०११ला निदर्शनं सुरू झाली, ९ मार्चला राजाने संविधान बदलण्याची घोषणा केली, १ जुलैला सार्वमत घेतलं. खरी सत्ता बरीचशी त्याच्याकडेच राहिली, पण सतरा दिवसांत हललेला राजा आणि सतरा महिन्यांनी हललेला राजा यांना लोक वेगळं मोजतात. आणि कुणी तितकीशी मागणी करायच्या आधीच सत्ता सोडणारे? फार विरळा. साताऱ्याकडच्या औंध संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९मध्ये संविधान देऊन कारभार गावपंचायतींच्या हाती सोपवला, तसे.

गादी कागदावर कशी संपते

हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण पुढचे घोटाळे इथेच रुजतात. कोणाच्या सहीने, कोणत्या क्रमाने, आणि राजानंतर अधिकार कुणाकडे?

२ मार्च १९१७ला निकोलस आगगाडीत, प्स्कोव्ह स्टेशनवर अडकलेला. आघाडीवरच्या सेनापतींना तारा करून मत विचारलं गेलं आणि सगळ्यांनी पदत्यागाचा सल्ला दिला. त्याने स्वतःचा आणि आजारी मुलाचाही हक्क सोडून भाऊ मिखाइलला गादी दिली. मुलाच्या वतीने हक्क सोडायचा अधिकार वारसा कायद्याने त्याला नव्हताच. दुसऱ्या दिवशी मिखाइलने संविधान सभा ठरवेल तेव्हा पाहू म्हणत नकार दिला. तीनशे वर्षांचं रोमानोव्ह घराणं दोन दिवसांत, कुणाच्याही मतदानाशिवाय संपलं. हंगामी सरकार आलं, पण ते कुणी नेमलं याला ठोस उत्तर नव्हतं.

शाहने पदत्याग केलाच नाही, विश्रांतीला जातो म्हणून गेला. मागे राजप्रतिनिधी मंडळ ठेवलं. त्या मंडळाचा अध्यक्ष पॅरिसला गेला आणि खोमेनींपुढे राजीनामा देऊन मोकळा झाला. मार्चअखेरीच्या सार्वमतात प्रश्न एकच होता : इस्लामी प्रजासत्ताक, हो की नाही? ते म्हणजे नेमकं काय, हे सांगणारं संविधान तेव्हा लिहूनही झालेलं नव्हतं. ९८ टक्क्यांहून जास्त लोकांनी हो म्हटलं. सर्वोच्च धर्मगुरूचे अधिकार घालून संविधान मंजूर झालं ते डिसेंबरमध्ये. आधी नाव, मग मजकूर.

नेपाळ जिना उतरल्यासारखा एकेक पायरी खाली आला. १८ मे २००६ला संसदेने राजाचे अधिकार काढले आणि ‘शाही नेपाळी सेना’ या नावातला ‘शाही’ शब्द गाळला. नोव्हेंबरमध्ये शांतता करार, जानेवारी २००७मध्ये अंतरिम संविधान, १० एप्रिल २००८ला संविधान सभेची निवडणूक. २८ मे २००८ला सभेच्या पहिल्याच बैठकीत प्रजासत्ताकाच्या बाजूने ५६० मतं पडली, विरोधात ४. आंदोलन संपल्यापासून दोन वर्षं आणि महिनाभर. तेव्हा या विलंबावर खूप टीका झाली. पण मतदानाच्या दिवशी ‘हा निर्णय कुणाचा’ असं विचारायची सोय कुणाला राहिली नाही.

दोन सत्तांचा काळ

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, तरी क्रांतीनंतर काही महिने राहतातच. पेट्रोग्राडमध्ये हंगामी सरकार आणि कामगार-शिपायांची सोव्हिएत, म्हणजे त्यांची परिषद, सुरुवातीला एकाच राजवाड्यात बसत होती. सरकारकडे मंत्रिपदं, सोव्हिएतकडे रेल्वे, तारखातं आणि शिपाई. सोव्हिएतचा ‘हुकूम क्रमांक १’ सांगत होता की सरकारचे लष्करी आदेश सोव्हिएतच्या ठरावाविरुद्ध नसतील तेवढेच पाळा. सरकारने तीन गोष्टी पुढे ढकलल्या : युद्ध थांबवणं, जमीनवाटप आणि निवडणूक. ज्यांनी ‘शांतता, जमीन, भाकरी’ हे तीन शब्द लावून धरले त्या बोल्शेविकांकडे फेब्रुवारीत काही हजार सभासद होते. ऑक्टोबरमध्ये त्यांनी सत्ता घेतली. नंतर झालेल्या संविधान सभेच्या निवडणुकीत त्यांना सुमारे एक चतुर्थांश मतं मिळाली, म्हणून जानेवारी १९१८मध्ये सभा एकदाच भरवून त्यांनी ती बंद केली.

इराणमध्ये जागा वेगळ्या, नकाशा तोच. पंतप्रधान मेहदी बाझरगान यांचं सरकार एका बाजूला; क्रांती परिषद, मोहल्ल्यांतल्या सशस्त्र समित्या आणि क्रांतिन्यायालयं दुसऱ्या बाजूला. ४ नोव्हेंबर १९७९ला विद्यार्थ्यांनी अमेरिकी दूतावास ताब्यात घेतला आणि बाझरगान यांनी दोन दिवसांत राजीनामा दिला. शाहविरोधात डावे होते, राष्ट्रवादी होते, विद्यार्थी, स्त्रिया, तेलकामगार होते. पण शाहच्या गुप्त पोलिसांनी पक्ष आणि कामगार संघटना वर्षानुवर्षं मोडून काढल्या होत्या. देशभर पसरलेलं, पूर्णपणे मोडता न आलेलं जाळं एकच उरलं होतं, मशिदींचं. शाहच्या दडपशाहीने वारस कोण हे आधीच ठरवून ठेवलं होतं.

फ्रान्सचं वळण परकीय युद्धाने दिलं. एप्रिल १७९२मध्ये ऑस्ट्रियाशी युद्ध पुकारलं, पराभव होऊ लागले, राजा शत्रूला सामील असल्याचा संशय बळावला. १० ऑगस्टला त्युइलरी राजवाड्यावर हल्ला, २१ सप्टेंबरला राजेशाही रद्द, २१ जानेवारी १७९३ला लुईचा शिरच्छेद. त्यानंतरच्या दहशतीच्या काळात सुमारे १७ हजार जणांना रीतसर खटल्यांतून मृत्युदंड झाला; तुरुंगात आणि यादवीत मेलेले वेगळे.

नेपाळला दोन सैन्यं सांभाळायची होती. माओवादी लढवय्ये सात मुख्य छावण्यांत ठेवले, संयुक्त राष्ट्रांनी १९,६०२ जणांची पडताळणी केली, त्यांची शस्त्रं कंटेनरमध्ये कुलूपबंद झाली आणि सरकारी सैन्याचीही तेवढीच शस्त्रं बाजूला ठेवली गेली. शेवटी सुमारे चौदाशे जण सैन्यात आले, बाकीच्यांपैकी बहुतेकांनी पैसे घेऊन घर गाठलं. याला २०१२ उजाडलं. पहिली संविधान सभा तर संविधान न करताच संपली. दुसरी निवडावी लागली आणि २० सप्टेंबर २०१५ला काम झालं. सरकारं वर्षा-दीड वर्षाने पडत राहिली. कंटाळवाणी, रेंगाळलेली प्रक्रिया. मात्र राजा गेल्यानंतर फ्रान्स किंवा रशियासारखी यादवी तिथे झाली नाही.

माजी राजाचं काय करायचं

मारून प्रश्न सुटतो असा समज असेल तर फ्रान्स पाहावा. लुईला मारलं, तरी १८१४मध्ये त्याचा एक भाऊ परकीय फौजांच्या विजयामागोमाग गादीवर आला, त्याच्यानंतर दुसरा भाऊ. १८३०मध्ये पुन्हा क्रांती, १८४८मध्ये पुन्हा. १८७०मध्ये नेपोलियनचा पुतण्या पडला, त्यानंतर प्रजासत्ताक टिकलं. इंग्लंडमध्ये १६४९ला चार्ल्सचं डोकं उडवलं आणि १६६०ला त्याचा मुलगा समारंभाने परत आला. रशियात जुलै १९१८मध्ये झारचं सबंध कुटुंबच एका तळघरात गोळ्या घालून मारलं. तिथे राजेशाही परतली नाही, पण त्याचं श्रेय त्या तळघराला देण्यापेक्षा यादवी युद्धात जिंकलेल्या लाल सैन्याला द्यायला हवं.

चीनने १९१२मध्ये सौदा केला. सहा वर्षांच्या सम्राट पूयीने गादी सोडायची, बदल्यात किताब राहील, राजवाड्यात मुक्काम राहील आणि वर्षाला ४० लाख तैल (तैल हे चिनी वजन) चांदी मिळेल. रक्तपात टळला हे खरं. पण तयार सम्राट राजधानीच्या मधोमध बसलेला असल्यामुळे १९१७मध्ये एका सेनापतीने त्याला बारा दिवसांसाठी पुन्हा गादीवर बसवलं, आणि १९३२पासून जपानने त्याला मांचुरियातल्या कठपुतळी राज्याचा प्रमुख केला.

ज्ञानेंद्र ११ जून २००८ला नारायणहिती राजवाडा सोडून काठमांडूजवळच राहायला गेला, मुकुट सरकारजमा केला, सामान्य नागरिक झाला. त्याला परत आणा म्हणणारे आहेत; मार्च २०२५मध्ये काठमांडूत त्यांच्या निदर्शनांना हिंसक वळण लागून दोघांचा जीव गेला. राजेशाही उघडपणे मागणारा राष्ट्रीय प्रजातंत्र पक्ष नेपाळमध्ये रीतसर निवडणूक लढवतो. २०२२मध्ये २७५ जागांच्या सभागृहात त्याचे १४ खासदार निवडून आले.